विल्फची बारावी डबी

शनिवार, २१ सप्टेंबर

तीन हजार! डब्या शोधणाऱ्यांच्या साइटवर तसं दिसतंय. पबात तसं साजरंही झालं. इथे खरं लिहितो — दोन हजार नऊशे नव्याण्णव.

सकाळी आठ चाळीसला आमच्या कुत्रीला, टॅन्सीला, घेऊन निघालो. हवा कोरडी, वारा पश्चिमेचा. विल्फ ऑलरनशॉने मांडलेला बारा डब्यांचा फेरा: साडेनऊ मैल, पबापासून निघून पबापाशीच संपणारा. हा फेरा मी मुद्दाम राखून ठेवला होता. २९८८ वर थांबलो आणि सहा आठवडे एकही डबी शोधली नाही, म्हणजे तीन हजारावी नेमकी विल्फची बारावी येईल. माझ्या बायकोची, लॉर्नाची, बहीण दर नाताळात विचारते, डब्या शोधून तुला मिळतं काय? काही मिळत नाही. कुणीतरी डबी लपवतो, साइटवर तिचे अक्षांश-रेखांश देतो आणि एका ओळीची खूण देतो. आपण शोधायची, आतल्या वहीत सही करायची, होती तशी ठेवून द्यायची. जगात इतका स्वच्छ व्यवहार दुसरा नाही. माझी शाळा सोळाव्या वर्षी सुटली. नकाशा वाचायला मी स्वतः शिकलो, होकायंत्र स्वतः शिकलो, वजनकाटे दुरुस्त करायलाही स्वतःच. मला असला व्यवहार आवडतो.

दोन पन्नासपर्यंत अकरा झाल्या. सगळ्या विल्फच्या शिस्तीतल्या: हिरवा रंग दिलेले पत्र्याचे डबे, आत कोरडी वही, पेन्सिल टोक केलेली. म्हातारा एकोणऐंशी वर्षांचा आहे. दर महिन्याला स्वतः फिरून डबे तपासतो आणि वहीत तारीख घालतो. बायको गेल्यावर त्याने हे सुरू केलं, त्याला अकरा वर्षं झाली.

बारावी शेवटच्या कुरणाच्या गडग्यात, म्हणजे रचलेल्या दगडी भिंतीत, तिच्यातली पायरी चढून पलीकडे उतरतात तिथे. खूण: ‘पायरीच्या उजव्या हाताला, गुडघ्याच्या उंचीवर.’ कुरणात वासरांसकट गाई होत्या, तेवीस. कुत्रं बरोबर असताना वासरांमधून जाणं म्हणजे वेडेपणा. म्हणून मागे फिरून गल्लीने वळसा घातला आणि पायरीपाशी खालच्या अंगाने आलो. टॅन्सीला फाटकाला बांधलं. शोधायला लागलो.

बेचाळीस मिनिटं! उजव्या हाताची प्रत्येक फट, गुडघा, मांडी, घोटा — सगळ्या उंचीवर. गडग्याचा दगड हलवायचा नाही हा नियम आहे. मी हलवला नाही. (दोन हलवले. परत बसवले.) जीपीएसचं यंत्र त्या दरीत सात-आठ पावलं इकडेतिकडे दाखवतं, त्याचा उपयोग नव्हता. तेवढ्यात मॅल्कचा निरोप. पब त्याचा. कुठे राहिलास, पाईवर मेणबत्ती लावून सगळे बसलेत.

‘सापडली नाही’ अशी नोंद मी आयुष्यात केलेली नाही. एकदाही नाही. मी परत जाऊन शोधतो, सापडेपर्यंत जातो, मग लिहितो. आज परत जायला वेळ नव्हता.

पिशवीत नेहमी एक कॅमेऱ्याच्या फिल्मची प्लॅस्टिकची नळी असते, आत कागदाची गुंडाळी. त्यावर सही केली, तारीख घातली, ३००० लिहिलं आणि गुडघ्याच्या उंचीच्या एका फटीत नळी बसवली. साइटवर लिहिलं: ‘मूळ डबी गहाळ. विल्फचा हेलपाटा वाचावा म्हणून नवी ठेवली. तीन हजारावी!’

आपलीच डबी ठेवून आपणच ‘सापडली’ लिहिणाऱ्याला आमच्यात काय म्हणतात ते मला ठाऊक आहे. दोन वर्षांपूर्वी एका बाईने हेच केलं, तेव्हा सहा मुद्द्यांचं पत्र साइटवर मीच लिहिलं होतं. तिने खेळ सोडला.

पबात टाळ्या. मॅल्कने पाई आणली, मेणबत्ती वितळून पाईत गेली होती. विल्फ कोपऱ्यात, टॅन्सीसाठी बेकनची कड रुमालात बांधून आणलेली. मी त्याला सगळ्यांसमोर सांगितलं, तुमची बारावी गेली बरं का.

“गेली?” तो म्हणाला. “मंगळवारीच पाहिली मी. पेन्सिलीला टोक केलं.”

मी म्हटलं, विल्फ, मी त्या गडग्याचा एकेक दगड पाहिलाय.

“मग मंगळवारी मी काय पाहिलं?”

मॅल्क म्हणाला, उद्या विल्फ म्हणेल मंगळवारी पबही दुसरीकडे पाहिला. सगळे हसले. विल्फही हसला, पण उशिरा. मीही हसलो. हे विशेष लिहून ठेवतो: मीही हसलो.

रविवार, २२ सप्टेंबर

साइटवर अठरा अभिनंदनं. विल्फचा वेगळा निरोप: ‘नवी डबी ठेवलीस, उपकार झाले, पोरा. पाहिली होती असं अगदी वाटत होतं. आताशा माझं काही खरं नाही.’ छप्पन्न वर्षांच्या मला तो पोरा म्हणतो. एरवी आवडतं.

गुरुवार, २६ सप्टेंबर

लॉर्ना औषधांच्या दुकानात काउंटरवर असते, तिला गावातलं सगळं कळतं. विल्फची मुलगी हेझल मॅकल्सफील्डहून आली होती, त्याच्या गोळ्या न्यायला. म्हणाली, बाबा या आठवड्यात तीनदा त्या गडग्यापाशी जाऊन आले. मंगळवारी पावसात. दोन तास नुसते नव्या नळीकडे बघत उभे होते, जुन्या जागी हात घालायचा धीर होईना. जुना डबा कुठेतरी आपणच काढून ठेवला असणार असं त्यांना वाटतंय, म्हणून घरातली कपाटंही उपसली.

मी विचारलं, जुना मिळाला का?

लॉर्ना म्हणाली, तुला काय झालं, मिळाला असता तर उभे कशाला राहिले असते?

प्रश्न विचारला तेव्हा माझी मान खाली होती. बूट पुसत होतो. स्वच्छ बूट.

मग म्हणाली, हेझलकडे एक यादी आहे. वसंतात गॅस चालू राहिला. किल्ल्या पावाच्या डब्यात सापडल्या. एकदा तिला तिच्या आईच्या नावाने हाक मारली. आता त्यात हेही घातलं — नसलेली डबी पाहिली म्हणतात.

मी तिला सांगितलं, इतक्या वर्षांत एखादी डबी जातेच. पाऊस, मेंढ्या, कुणी उचलून नेतं. खोटं नाही यातलं काही. सगळं खरं आहे आणि तरी.

शनिवार, ५ ऑक्टोबर

गाई वरच्या कुरणात नेल्यात. टॅन्सीला घेऊन वरून उतरलो, विल्फ उतरतो तसा. नुसतं फिरायला, असं लॉर्नाला सांगितलं.

पायरी चढलो. पलीकडे उतरायला पाय टाकला आणि उजवा हात आधारासाठी दगडावर गेला.

तिथेच. हाताच्या खाली, गुडघ्याच्या उंचीवर. एक चपटा दगड जरा पुढे आलेला, त्याच्यामागे हिरवा पत्रा. काढायला चार सेकंदही लागले नाहीत. माझी नळी पायरीच्या दुसऱ्या बाजूला, सात फुटांवर.

गल्लीने वळसा घालून मी खालून आलो होतो. माझा उजवा हात म्हणजे विल्फचा डावा. उजवं-डावं! पहिल्या इयत्तेतली गोष्ट. वजनकाट्याचं पारडं उलट लावणाऱ्या शिकाऊ माणसाला मी दारातून परत पाठवला असता.

वही उघडली. शेवटचं पान. माझी सही नाही, अर्थात. शेवटची ओळ: ‘१७ सप्टेंबर, मंगळवार. डबी कोरडी. पेन्सिलीला टोक केलं. सगळं ठीक. वि. ऑ.’

पायरीवर बसून राहिलो. टॅन्सी गवतात लोळत होती. किती वेळ बसलो ते पाहिलं नाही, आणि मी वेळ नेहमी पाहतो. मनाशी वाक्यं जुळवत होतो. ‘विल्फ, एक गंमत झाली.’ ‘विल्फ, कुणीतरी जुनी परत आणून ठेवलेली दिसते.’ हे दुसरं वाक्य मी खरंच जुळवलं. नीट घासूनपुसून.

तेवढ्यात वरून माणसांचे आवाज आले. फिरायला आलेलं जोडपं. खेळाबाहेरच्यांसमोर डबी दिसू द्यायची नाही हा नियम. मी ती पिशवीत टाकली. नियम म्हणून. ते ‘छान दिवस आहे’ म्हणाले, मी ‘छान आहे’ म्हणालो. ते गेले.

आणि मी ती परत ठेवली नाही.

आता ती वर्कशॉपमध्ये आहे, पितळी वजनांच्या पेटीमागे. गडग्यात आता खरंच माझी नळी आहे आणि मूळ डबी गहाळ आहे. मी लिहिलेलं आता खरं झालं.

रविवार, ६ ऑक्टोबर

टॅन्सीला नदीकडून नेलं. उलट दिशेला.

शुक्रवार, ११ ऑक्टोबर

एका शेतावर गुरांचा काटा तपासायला गेलो. शंभर किलोला चारशे ग्रॅम जास्त दाखवत होता. शेतकरी म्हणाला, एवढ्याने काय होतं. मी त्याला पंधरा मिनिटं समजावलं काय होतं ते. घरी येईपर्यंत कान तापलेले होते.

बुधवार, १६ ऑक्टोबर

पबात विल्फ नाही. सलग तिसरा बुधवार.

मॅल्क ग्लास पुसत सांगत होता: हेझलने मोटारीच्या किल्ल्या काढून घेतल्या. २९ तारखेला डॉक्टरकडे स्मरणशक्तीची तपासणी आहे. मॅकल्सफील्डला म्हाताऱ्यांसाठीच्या वसाहतीत एक खोली पाहून ठेवलीये. कुत्री-मांजरं चालत नाहीत, आसपास सगळा सपाट रस्ता. आणि विल्फने विरोध केला नाही. त्यानेच नर्सला सांगितलं, मी नसलेल्या गोष्टी बघतो. आता बाकीचे डबेही उचलून आणतोय, फेरा बंद करणार आहे. म्हणाला, ज्याला स्वतःची डबी आठवत नाही त्याने दुसऱ्याला शोधायला लावू नये.

“तू होतास म्हणून वेळेवर कळलं तरी,” मॅल्क म्हणाला. “दुसरा कुणी असता तर म्हाताऱ्याच्या भिडेने गप्प बसला असता.”

दोघातिघांनी माना हलवल्या. एकाने माझ्या पाठीवर थाप मारली.

मी पाइंट अर्धा ठेवून निघालो. मॅल्क मागून ओरडला, बिअर बिघडलीये का? बिअर ठीक होती.

गुरुवार, २४ ऑक्टोबर

लॉर्नाला बॅटरी हवी होती. ती वर्कशॉपमध्ये गेली. मी बागेत होतो. बॅटरी घेऊन आली नाही, डबी घेऊन आली.

“हे काय आहे?”

मी सांगितलं. कागद घेऊन पायरीचा नकाशासुद्धा काढला: इथे गाई, इथे गल्ली, ही माझी बाजू, ही त्याची. बाण काढले. ती नकाशाकडे बघतच नव्हती.

“चूक मला समजली, हॉवर्ड. उजवं-डावं कुणाचंही होतं. पण ही तू घरी का आणलीस?”

मी म्हटलं, माणसं येत होती.

“आणि ती गेल्यावर?”

बाण काढायला काही उरलं नव्हतं.

ती ओरडली नाही. ओरडली असती तर मी काहीतरी उलट बोललो असतो आणि ते सोपं गेलं असतं. ती टॅन्सीचा पट्टा घेऊन दाराशी गेली. म्हणाली, उद्या हेझल कामावर आहे, शनिवारी ती बापाकडे येणार. त्याच्या आत तू जा. तू नाही गेलास तर मी जाईन, आणि मी नकाशा काढणार नाही.

शुक्रवार, २५ ऑक्टोबर

गेलो नाही. मोटार काढली, विल्फच्या कोपऱ्यापर्यंत गेलो. खिडकीत तो पाठमोरा उभा होता. परत आलो. लॉर्नाने विचारलं नाही. ताट वाढलं आणि टीव्ही लावला.

शनिवार, २६ ऑक्टोबर

सकाळी नऊ दहाला त्याच्या दारात. टॅन्सीला बरोबर नेलं. खरं कारण — कुत्रं असलं की माणूस दारातून हाकलत नाही.

स्वयंपाकघरातल्या टेबलावर अकरा हिरवे डबे ओळीने. धुतलेले, उघडे, वाळत घातलेले. विल्फ बाराव्या जागेकडे बोट दाखवून म्हणाला, तुझी नळी अजून आणायचीय, पोरा, गुडघा दुखतो. चहा घेणार?

मी डबी टेबलावर ठेवली. बाराव्या जागी.

त्याने हात लावला नाही. आधी तिच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मग पुन्हा तिच्याकडे, जरा घाबरून. मला कळलं, ही डबी खरंच समोर आहे की नाही हेच तो ठरवतोय.

“आहे, विल्फ,” मी म्हटलं. “तुम्ही बरोबर होतात. ती जागेवरच होती. मी उलट बाजूने आलो. मला सापडली नाही, आणि तसं लिहायला माझा हात धजला नाही.”

“आणि तुझ्याकडे कशी आली?”

“पाच तारखेला सापडली. मी ती घरी नेली.”

“का?”

“म्हणजे मी लिहिलेलं खरं ठरेल.”

त्याने चष्मा शोधला. चष्मा कपाळावरच होता. वही उघडली, शेवटचं पान, बोट ठेवून वाचलं. १७ सप्टेंबर, मंगळवार. सगळं ठीक. पुन्हा वाचलं. “माझं अक्षर,” म्हणाला. किटली शिट्टी मारत होती आणि दोघांपैकी कुणी उठत नव्हतं.

मग म्हणाला: “पाच आठवडे मी रोज सकाळी उठून पंतप्रधानाचं नाव म्हणतो. त्या तपासणीत विचारतात म्हणे. नाव आठवतं, आणि मग वाटतं, हे तरी खरं आहे की हेही डबीसारखंच.”

माफी मागितली. मागताना ती मला वर्कशॉपमध्ये जुळवल्यासारखी ऐकू आली, म्हणून पुन्हा मागितली, वाईट शब्दांत.

टॅन्सी त्याच्या बुटावर बसली. मग त्याने विचारलं, उलट बाजूने का आलास? मी म्हटलं, गाई होत्या. वासरं होती. कुत्रं होतं बरोबर.

“गाई?” आणि त्याच्या पोटातून हसू यायला लागलं. “म्हणजे तू खालून आलास! खालून आलास आणि उजव्या हाताला — तीन हजार डब्या शोधणारा माणूस!” हसता हसता त्याचे डोळे भरले. किती हसण्याने भरले आणि किती दुसऱ्या कशाने, ते मला मोजता येत नाही.

मग त्याने हेझलला फोन लावला आणि माझ्या हातात दिला. तूच सांग, म्हणाला. मी सांगितलं.

“मिस्टर पिंडर, बाबा पावसात दोन तास त्या भिंतीपाशी उभे होते. तुम्ही तेव्हा कुठे होतात?”

मी म्हटलं, घरी.

घरी येऊन साइट उघडली. २१ सप्टेंबरची नोंद काढून टाकली. नवी लिहिली: ‘सापडली नाही. चूक माझी. मूळ डबी जागेवर होती. नंतर मी ती पाहिली आणि उचलून नेली. विल्फ ऑलरनशॉ पहिल्यापासून बरोबर होते.’ आकडा २९९९ झाला. दोन वर्षांपूर्वीच्या त्या बाईला वेगळं पत्र लिहिलं. तिचा पत्ता बंद आहे, परत आलं.

रविवार, २७ ऑक्टोबर

विल्फबरोबर पूर्ण फेरा केला, डबे परत ठेवत. साडेनऊ मैलांना सात तास. गुडघ्यामुळे तो चढावर थांबतो आणि थांबण्याचं कारण म्हणून झाडांची नावं सांगतो. ती मला येतात, पण ऐकली. तिसऱ्या डबीपाशी लॉर्नाने दिलेले सँडविच खाल्ले, अर्धं टॅन्सीने. पायरीवर तो मुद्दाम थांबला, पलीकडे पाय टाकला, उजवा हात ठेवला. “हा,” म्हणाला. “हा उजवा.” बारावी ठेवली. माझी नळी काढून मला दिली. वहीत लिहिलं: २७ ऑक्टोबर, रविवार. सगळं ठीक.

पबात मला आत जायचं नव्हतं. विल्फने दंडाला धरून नेलं. नोंद सगळ्यांनी वाचलेली होती. पाठीवर थाप मारणारा तो एकजण ग्लास उचलून दुसऱ्या खोलीत गेला. मॅल्कने माझा पाइंट भरला, माझ्यासमोर न ठेवता लांब ठेवला.

“तुझ्या उजव्या हाताला आहे,” म्हणाला. “वाटल्यास बेचाळीस मिनिटं घे.”

मग हसले सगळे. विल्फने गाईंपासून गोष्ट सांगितली, दोनदा, दुसऱ्यांदा गाई चाळीस झाल्या. मी तेवीस म्हटलं नाही. कान लाल होऊन उभा राहिलो. असंच असायला हवं होतं.

शुक्रवार, १ नोव्हेंबर

हेझलचा फोन, मला. आवाज अजून कोरडाच. तपासणी तिने नाताळानंतर ढकलली. म्हणाली, ती डबी यादीतून काढली की उरलेलं म्हाताऱ्या माणसाचं साधं विसरणं वाटतं. पण ती लांब राहते. तुम्ही रविवारी दिवसभर त्यांच्याबरोबर होतात, तुमची नजर बारीक आहे म्हणतात. “खरं सांगा, ते ठीक आहेत?”

मी म्हटलं, अगदी ठणठणीत. चूक पूर्ण माझी होती, त्यांची एक टक्काही नाही. मोटार चालवतील? म्हटलं, का नाही चालवणार!

एवढ्या जोराने मी कुणाची ग्वाही कधी दिली नसेल. काट्याची देताना मी तीन वेळा वजन ठेवून बघतो.

संध्याकाळी तिने किल्ल्या परत दिल्या. वसाहतीला खोली नको असं कळवलं. लॉर्ना म्हणाली, आता तरी झोप.

मंगळवार, ५ नोव्हेंबर

सकाळी आठला विल्फचा फोन. बारावी डबी गेली असं कुणीतरी लिहिलंय म्हणे, आणि मला तर ती पाहिल्याचं चांगलं आठवतंय, पोरा, तू जरा बघून येशील का? शनिवारीही असाच फोन आला होता. तेव्हा मला वाटलं, थट्टा करतोय, पबात सगळे करतात तशी.

मी गाईंपासून सगळं सांगितलं. उजव्या हातापाशी आलो तेव्हा तो हसला — त्या दिवशी स्वयंपाकघरात हसला होता तसाच, पहिल्यांदा ऐकल्यासारखा.

मग हळू आवाजात म्हणाला, “हेझलला यातलं काही सांगू नकोस हं. किल्ल्या काढून घेईल.”

मी म्हटलं, नाही सांगत. फोन ठेवला आणि हेझलला लावला.